पाचव्या घरचा जोगवा

कुणाकडे काही मागायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. बसमध्ये समोरच्या बाईला खिडकी थोडी उघडा म्हणायचं असलं, तरी मी मनात वाक्य जुळवत बसते आणि तेवढ्यात माझा थांबा येतो. देवाच्या बाबतीतही तेच. देवळात जाते, हात जोडते, डोळे मिटते. पण मागत काही नाही. मागे एवढी रांग उभी असताना आपलं कशाला मध्येच, असं वाटतं. आणि खरं सांगायचं तर पलीकडे कुणी ऐकत असेल याची मला खात्री नव्हती. रोज जे पाहत होते, ते पाहून ती असलेली थोडीफार खात्रीसुद्धा झिजत चालली होती.

मी बीडमध्ये एका लहान संस्थेत काम करते. घरात मार खाणाऱ्या, घराबाहेर काढलेल्या बाया तिथे येतात. पुढे एक मोठी खोली, मागे अंगण आणि अंगणापलीकडे दोन खोल्या, जिथे काही दिवस राहता येतं. काम म्हणजे ऐकणं, अर्ज लिहून देणं, दवाखान्यात आणि पोलीस ठाण्यात सोबत जाणं, आणि पुष्कळदा नुसतं शेजारी बसून राहणं. माझी सगळी शाळा इंग्रजीतून झाली. घरी मराठीच बोलत होतो, पण ते घरापुरतं. मोठ्या माणसांत बोलायची भाषा म्हणून मराठी माझ्या तोंडात कधी बसलीच नाही. सुरुवातीला बाया मला मॅडम म्हणायच्या आणि महत्त्वाचं असेल ते ताईंनाच सांगायच्या. ताई म्हणजे आमच्या संस्थेच्या प्रमुख. साठीच्या, मोठ्या आवाजाच्या, देवधर्माच्या वाटेला न जाणाऱ्या. मी एकदा त्यांना म्हटलं, मला या कामाचं बोलणं जमत नाही. त्या म्हणाल्या, "बोलणारे त्यांना घरी पुष्कळ आहेत. तू गप्प बसतेस तेच बरं आहे." हे कौतुक होतं की सांत्वन, मला कळलं नाही, पण मी राहिले.

आमच्या कामाचे दोन नियम मात्र ताईंनी मला पहिल्याच आठवड्यात पाठ करून घेतले होते. बाई स्वतःच्या तोंडानं 'मला यायचंय' म्हणत नाही तोवर तिला घरातून आणायचं नाही. आणि तिच्या घरी एकटीनं कधीही जायचं नाही. आपण जाऊन दोन शब्द सुनावून परत येतो. दार लागल्यावर त्याची भरपाई तिला करावी लागते.

आषाढात आमच्याकडे एक बाई आली. तिला इथे मंदा म्हणते. तिचं खरं नाव आणि गाव लिहिणार नाही. वडवणीच्या बाजूचं गाव, एवढंच पुरे. हात प्लास्टरमध्ये, कडेवर चार वर्षांची मुलगी. मुलीला चिमी म्हणायचे. चिमी पहिले दोन दिवस माझ्या टेबलाखालीच बसून राहिली. तिथून फक्त माझ्या चपला दिसत असाव्यात, आणि त्या तिला धोक्याच्या वाटल्या नाहीत. मंदा मात्र दोन घास पोटात गेले की हसायला लागायची. मला म्हणायची, "ताई, तुमी मराठी लई जपून बोलता. दुधाचं भरलेलं पातेलं घिऊन चालल्यावानी." मला ते लागलं नाही, कारण ते खरं होतं आणि ती ते प्रेमानं म्हणत होती.

मग तिचा नवरा, तिचे वडील आणि गावातली दोन वजनदार माणसं आली. आमच्या पुढच्या खोलीत बैठक झाली. नवऱ्यानं पुन्हा हात उचलणार नाही असं सगळ्यांसमोर कबूल केलं. ताईंनी मंदाला मागच्या खोलीत एकटीला नेऊन विचारलं. ती म्हणाली, "जाते. पोरीला बाप पायजे." तिचा निर्णय होता. जाण्यापूर्वी मी तिच्याकडून माझा फोन नंबर पुन्हा पुन्हा म्हणवून घेतला, कारण कागद सापडला असता. त्यानंतर वडवणीच्या बाजाराच्या दिवशी, सासू बाजाराला गेली की शेजारच्या फोनवरून तिचा फोन यायचा. "जेवले. चिमी बरी हाय. ठेवते." एवढंच. पण श्रावणभर तो येत राहिला. गणपती गेले आणि फोन बंद झाला.

ताई एका महिला पोलिसाला घेऊन तिच्या गावी जाऊन आल्या. मला त्या दिवशी दवाखान्याचं काम होतं, म्हणून मी गेले नव्हते. सासूनं दारातच सांगितलं, सून न्हाई घरी, मावशीकडं गेलीय. ताईंनी मंदाच्या वडिलांना फोन केला, तर ते म्हणाले, लेक सासरी सुखात हाय. दोन उत्तरं जुळत नव्हती. पण तिची स्वतःची तक्रार नव्हती, आणि ती कुठे आहे हे सांगायला कुणी तयार नव्हतं. त्यातच दुसऱ्या एका बाईकडून कळलं की तिच्या नवऱ्याची टोळी दसरा झाला की लगेच ऊसतोडीला निघणार आहे, थेट कर्नाटकात. आमच्या भागात नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. एकट्या पुरुषाला मुकादम घेत नाही. म्हणजे तो तिला नेणार हे नक्की होतं. एकदा ती गेली की गुढीपाडव्यापर्यंत कुठल्या तरी कारखान्याच्या उसात, परमुलखात, पाचटाच्या झोपडीत, कोपीत, त्या माणसाबरोबर. तिथे तिचं काय झालं हे आम्हांला कळलंसुद्धा नसतं. घट बसले तेव्हापासून मी दसऱ्याकडे त्याच नजरेनं पाहत होते. लोक झेंडूच्या फुलांचं बोलायचे आणि मला टोळीचे ट्रॅक्टर दिसायचे.

त्याच दिवसांत घरी आईचा वेगळाच तगादा चालला होता. उन्हाळ्यात मला कावीळ झाली होती, बरीच वाढली होती. तेव्हा आई तुळजापूरच्या देवीला बोलली होती की पोरगी उठून बसू दे, नवरात्रात ती पाच घरी जोगवा मागेल. तुळजापूरची देवी आमची कुलदेवी. जोगवा म्हणजे परडी घेऊन, देवीच्या नावानं, पाच दारांत जाऊन पीठ-मीठ मागायचं आणि त्या पिठाच्या भाकरीचा तिला नैवेद्य दाखवायचा. नवस आईचा आणि मागायचं मी. "कुमारिकेनं मागितलेला लवकर पावतो," असं वर. जोगवा मंगळवारी नाहीतर शुक्रवारी मागायचा. मंगळवारी मी कामाचं निमित्त काढलं. आमच्या कॉलनीत माझ्या शाळेतल्या दोन मुली राहतात. कवड्यांची माळ घालून, परडी धरून त्यांच्या दारात उभं राहायचं या कल्पनेनंच मला घाम फुटत होता.

"बरं, इथं नको," आई शेवटी म्हणाली. "शुक्रवारी मामाकडं जा. तिथं तुला ओळखतंय कोण? मामी नेईल संगं."

मामाचं शेत आणि घर वडवणीच्या बाजूलाच, गावाबाहेरच्या वस्तीवर आहे. मंदाचं गाव तिथून किती लांब असेल हा विचार माझ्या मनात आला होता, हे नाकारत नाही. पण रस्त्यानं ते बरंच वळसा घालून आहे एवढंच मला माहीत होतं, आणि एकटीनं न जाण्याचा नियम पाठ होता. मी फक्त आईचं ऐकून मोकळं व्हायला गेले.

मामीनं मला अंगणात उभं करून कपाळभर मळवट भरला, गळ्यात माळ घातली आणि परडी हातात दिली. परडीत थोडं कुंकू, देवीचा छोटा टाक आणि खण. "भावकीचं घर आमच्यात चालत न्हाई," तिनं सांगितलं. "परडी खाली टेकवायची न्हाई. उंबऱ्याच्या आत जायचं न्हाई. आन् दुसरं काई बोलायचं न्हाई. जोगवा वाढा म्हणायचं, बास."

दुसरं काही बोलायचं नाही हे ऐकून मला हायसं वाटलं. पण पहिल्या दारात ते दोन शब्दही निघाले नाहीत. मी परडी पुढे धरून भिंतीकडे बघत उभी राहिले. शेवटी मामीनंच मागून आवाज दिला, "उदो! अंबाबाईचा जोगवा वाढा वो माय!" आतून एक बाई पीठ घेऊन आली. तिनं परडीला हळदी-कुंकू वाहिलं, पीठ घातलं, आणि वाकून माझ्या पायांना हात लावायला लागली. ती माझ्या आईपेक्षा मोठी होती. मी झटकन पाय मागे घेतले.

पुढे निघाल्यावर मामी रागावली. "पाय कावून वढून घेतलीस गं? ते आत्ता तुजे हायेत व्हय?"

हे वाक्य माझ्या आत कुठेतरी जाऊन बसलं. दुसऱ्या दारात मी पाय हलू दिले नाहीत. आवाज निघाला, पण बारीक. तिसऱ्या दारातली म्हातारी म्हणाली, "देवीचा घसा बसलाय वाटतं," आणि मामी खो खो हसली. मलाही हसू आलं. चौथ्या दारात माझं मलाच ऐकू येईल एवढं मी बोलले. कुणी मला हसत नव्हतं, कुणी माझ्याकडे बघतही नव्हतं. बघत होते ते परडीकडे. आपण समोर असून कुणाच्या नजरेत नसणं मला किती आवडतं, हे त्या दुपारी कळलं.

पण पाचवं घर मिळेना. वस्तीवरची उरलेली सगळी घरं मामाच्या भावकीची. मामी कमरेवर हात ठेवून इकडेतिकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "वढ्याच्या पल्याड जाऊ. तिकडं आपलं कुणी न्हाई." आम्ही तुरीच्या कडेनं बांधाबांधानं गेलो, घोट्याएवढ्या पाण्यातून ओढा ओलांडला आणि एका घराच्या पाठीमागून त्याच्या अंगणात आलो. पत्र्याचं घर, ओसरी, बाजूला नुकती रंगवलेली बैलगाडी. उसाच्या दिवसांआधी तिकडे बऱ्याच घरांपुढे अशी गाडी दिसते, त्यामुळे मला काही सुचलं नाही. आम्ही शेतातून आलो होतो. गावाची पाटी वाटेत लागलीच नव्हती. पुरुषमाणूस कुणी दिसत नव्हतं. ओसरीवर एक पांढऱ्या कपाळाची बाई तूर निवडत बसली होती.

"जोगवा वाढा," मी म्हणाले. या वेळी मामीच्या आधी.

ती लगबगीनं उठली, हात जोडले, आणि तिथेच थबकली. "थांब माय. परडीला हळदी-कुंकू लागंल. माजा हात न्हाई चालत."

इथे मला जे झालं ते नीट सांगायला हवं. आमच्या संस्थेत विधवांना मुद्दाम हळदी-कुंकवाला पुढे बसवतात. कुणी 'माझा हात चालत नाही' म्हणालं की आम्ही तिचा हात धरून तिलाच कुंकू लावायला लावतो. या एका बाबतीत माझं मत पक्कं आहे आणि ते मी लाजत का होईना, बोलून दाखवते. त्या क्षणीही वाक्य तयार होतं. 'आजी, चालतो. तुम्हीच वाढा.' तोंडही उघडलं होतं. आणि आवाज आला नाही. चार दारांत हळूहळू मोकळा झालेला आवाज नेमका तिथे गेला. मला स्वतःचा राग आला. एवढं एक बरोबर वाक्य तुला बोलता येत नाही का, असं मनात म्हणत असतानाच ती बाई वळली, घरात गेली आणि आतल्या खोलीची बाहेरून लावलेली कडी काढल्याचा आवाज आला.

"ये गं भाईर. जोगवा वाढ."

पितळी ताटलीत पीठ घेऊन मंदा बाहेर आली.

ती अर्ध्यानं उरली होती. एका डोळ्याखाली जुना निळेपणा होता. तिनं आधी परडी पाहिली आणि मग मळवट भरलेला चेहरा. मला वाटतं, तिनं मला लगेच ओळखलं नाही. हळद लावताना तिचं बोट परडीच्या काठावर थांबलं. ओसरीवरची ती बाई, म्हणजे तिची सासू, दोन हातांवर उभी होती. मंदानं पीठ घातलं, पदर सावरला आणि वाकली. माझ्या पायांवर तिचं डोकं टेकलं तेव्हा मी पाय मागे घेतले नाहीत. खालून, जमिनीतून यावा तसा तिचा आवाज आला.

"ताई, मला घिऊन चला. आजच."

एवढ्यात चिमी आईच्या मागून धावत आली, माझ्याकडे बघून क्षणभर थांबली आणि मोठ्यानं ओरडली, "आई, टेबलावाली ताई!"

सासूची नजर माझ्यावर आली. "वळखती व्हय गं ही पोरगी तुला?"

आता गप्प राहून भागणार नव्हतं. मला आठवतंय, मी ताईंचा विचार केला नाही, नियमाचा केला नाही, काही जुळवलं नाही. परडी धरलेले हात तसेच पुढे होते. मी म्हणाले, "आजी, मी बीडहून आले आहे. मंदा आमच्याकडे राहिली होती. तिला यायचं आहे. मला मंदा आणि चिमी द्या." खरं म्हणजे 'घेऊन जाते' म्हणायला हवं होतं. ती कुणी कुणाला द्यायची वस्तू नाही, हे आम्ही उठता-बसता सांगतो. पण तोंडातून आलं ते 'द्या'.

"अगं बया!" मामी मागून म्हणाली. "मला बोलली बी न्हाईस!"

सासू माझ्याकडे बघत राहिली. "जोगवा मागाया आलीस का माजी सून?"

परडी खाली घ्यावी असं वाटलं नाही. मी तशीच उभी राहिले. ती बाई ओसरीच्या कडेला टेकली आणि पदरानं तोंड पुसू लागली. मग कुणालाच उद्देशून नसल्यासारखी म्हणाली, "माजं पोरगं मला जित्ती ठिवायचं न्हाई. कडी काडायची न्हाई म्हणून शपथ घालून गेलाय मुकादमाकडं."

"आत्याबाई," मंदा म्हणाली, "तुमी बी चला."

"मी?" ती जवळजवळ चिडली. "घरात घट बसलेत. दिवा कोण बगील?"

ती उठून आत गेली. मला वाटलं, आता दार लागणार. मामीनं माझा दंड धरला. पण ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात चिमीचा एक फ्रॉक आणि मंदाची चप्पल होती. चप्पल तिनं सुनेच्या पायांसमोर ठेवली. ती तिनंच लपवून ठेवलेली असणार. "जा," ती म्हणाली. "दारातला जोगवा माज्या सासूनं कवा माघारी धाडला न्हाई. मी बी न्हाई धाडायची." मग परडीला हात जोडले आणि आमच्याकडे पाठ करून पुन्हा तूर निवडायला बसली.

चिमीला मामीनं कडेवर घेतलं आणि आम्ही आल्या वाटेनं निघालो. ओढ्याच्या अलीकडे गाडीवाटेवर एक मोटरसायकल आमच्यापाशी थांबली. त्याच गावचा माणूस होता. त्यानं मंदाकडे निरखून पाहिलं. "कुणीकडं निगाली गं वैनी?"

मामी म्हणाली, "आमच्याकडं देवी हाय. हिला जेवाया नेतोय. तू येतूस का मागं मागं? परात घासाया माणूस पायजेच हाय."

तो ओशाळून हसला, परडीला नमस्कार केला आणि गेला. ओढ्यात उतरल्यावर मामीला एकदम रडू फुटलं. तोवर तिनं ते कुठे ठेवलं होतं कोण जाणे.

मामाच्या घरून मी ताईंना फोन केला. त्या अर्ध्या वाक्यातच ओरडल्या, "एकटी गेलीस?" मामी होती म्हटलं, तर आणखी ओरडल्या. मग एकदम थांबल्या आणि विचारलं, "त्या म्हातारीजवळ कोण आहे?" मला ते सुचलंच नव्हतं. त्या गाडी घेऊन आल्या, सोबत तीच महिला पोलीस. मंदा आणि चिमीला गाडीत बसवून आधी वडवणीला दवाखान्यात नेलं आणि ताई दोन पोलिसांना घेऊन त्या घरी गेल्या. मुलगा नुकताच आला होता आणि आवाज चढलेला होता. पोलीस बघून उतरला. सून कशी गेली, असं विचारल्यावर म्हातारीनं सगळ्यांसमोर सांगितलं, "मी काडली कडी." ताई म्हणतात, इतक्या वर्षांत त्यांनी एवढी लहान आणि एवढी मोठी साक्ष ऐकली नाही. म्हातारीची गेवराईला दिलेली लेक दुसऱ्या दिवशी येऊन आईजवळ राहिली, आणि घट उठल्यावर तिला आपल्याकडे घेऊन गेली. दिवा विझू दिला नाही.

नंतर जे व्हायचं ते रीतसर झालं. मंदानं तक्रार दिली, संरक्षणाचा आदेश मिळाला, नवरा टोळीबरोबर जाऊ शकला नाही. खटला अजून चालू आहे. ती आता कुठे राहते ते लिहीत नाही. शिवणकाम करते, तिच्या दाराला कडी आतून आहे, आणि चिमी अंगणवाडीत मोठ्यानं गाणी म्हणते, अशी तिथल्या बाईंची तक्रार आहे.

पण माझ्या मनात राहिली आहे ती दुसऱ्या दिवसाची दुपार. आईनं घरी त्या पिठाच्या भाकरी केल्या, देवीला नैवेद्य दाखवला आणि उरलेल्या फडक्यात बांधून माझ्यामागे संस्थेत आली. याआधी ती तिथे कधी आली नव्हती. पोरीनं असलं काम का धरलं, यावर तिची नाराजी होती. अंगणात बसून तिनं मंदाला आणि चिमीला वाढलं. ताईसुद्धा येऊन बसल्या. "पुढच्या वेळी तुझ्या देवीला सांग, आधी मला फोन करायचा," त्या मला म्हणाल्या, आणि एक भाकरी ओढून घेतली. आई म्हणाली, "खा मंदा, तुझ्याच घरचं पीठ आहे यात." मंदानं तुकडा मोडून तोंडात घातला, बराच वेळ चावला आणि हसली. "पाच घरचं मिसळलंय वो माय. माजं कंचं, कळंना आता."

त्या दिवसापासून लोक मला विचारतात, तुला काय वाटतं, देवीनं केलं का? मी खरंच सांगू शकत नाही. आईनं नवस बोलला नसता, मामाची भावकी एवढी पसरलेली नसती, माझा आवाज त्या एका क्षणी बंद पडला नसता, आणि त्या म्हातारीनं कडी काढली नसती, तर मंदा आज उसात असती. यातलं कुणाचं किती, हे मी काही दिवस वेगळं करत बसले होते. विशेषतः माझं स्वतःचं किती ते. आता ते सोडून दिलं आहे. मिसळलेलं पीठ चाळून पाच घरं पुन्हा वेगळी काढता येत नाहीत, आणि काढायची तरी कशाला? भाकर झाली, भुकेल्या माणसाच्या पोटात गेली.

देवळात गेले की मी अजूनही फारसं बोलत नाही. मागे रांग पूर्वीएवढीच असते. पण ज्या बाईचा फोन बरेच दिवस आलेला नसतो, तिचं नाव घेते आणि हात पुढे धरून उभी राहते. नियम पाळते, ताईंना विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही, जे करायचं ते सगळं करते. त्यापुढचं देवीच्या ओंजळीत ठेवते, आणि ठेवून घरी आल्यावर आता मला झोप लागते. एवढं मन हलकं होईल असं मला कधी वाटलं नव्हतं. त्याबद्दल मी आईची, मामीची, त्या पांढऱ्या कपाळाच्या आजीची, आणि तुळजापूरच्या आईची ऋणी आहे.